अँबेसेडरमधला आवाज

काकाजी गाडी चालवताना हॉर्न वाजवत नसत. हॉर्न बिघडलेला नव्हता. दर दिवाळीला ते तो उघडून, पुसून, तपासून परत बसवत. पण रस्त्यात कुणी आडवं आलं की ते गाडी हळू करत, खिडकीतून डोकं बाहेर काढत आणि हाक मारत. "ओ सायकलवाले भाऊ, मागून येऊन राह्यलो. घाई नाही, पण जरा बाजूले व्हा." आवाज असा की सायकलवाला तर बाजूला व्हायचाच, त्याच्या पुढचा हातठेलेवालाही व्हायचा, आणि त्याच्याही पुढची म्हैस मान वळवून बघायची.

मी एकदा विचारलं, "काकाजी, हॉर्न काहून नाही वाजवत तुम्ही?"

"हॉर्न म्हणजे अंगावर ओरडणं झालं, बाई. समोर माणूस आहे ना? त्याले सांगाव लागते."

"आणि म्हैस असली तं?"

"तिलेही सांगाव लागते. ती ऐकते. माणसाचंच काही सांगता येत नाही."

बालाघाटला कोर्टकचेरीच्या रस्त्यावर माझं छोटंसं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. समोरच्याच एका कचेरीत काकाजी पुकारा करायला होते. ज्या प्रकरणाची वेळ झाली त्यातल्या माणसांची नावं व्हरांड्यात उभं राहून पुकारायची, एवढंच त्यांचं काम. मी दुकान टाकलं तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. त्यांचा आवाज मी आधी ओळखायला लागले, चेहरा कितीतरी दिवसांनी बघितला. रस्ता ओलांडून, ट्रॅक्टर आणि बसच्या आवाजाच्या वरून तो सरळ माझ्या काउंटरवर यायचा. 'हाजिर हो' हे शब्द मी तोपर्यंत धमकीसारखेच ऐकले होते. काकाजी ते असे म्हणत, की जणू पाहुण्याला घरात बोलावतायत.

सकाळी दहाला ते दिवसाची यादी घेऊन व्हरांड्यात फिरत. बाकांवर, पायऱ्यांवर, झाडाखाली जे बसलेले असतील त्यांना एकेकाला विचारत, नाव काय, आणि कसं म्हणता. परसवाड्याच्या पलीकडून, उकव्याच्या जंगलातून येणाऱ्या लोकांची नावं कागदावर कधी नीट उतरत नाहीत. काकाजी पेन्सिलीनं नावापुढे स्वतःला कळेल अशी खूण करून ठेवत. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, कुठे ओढायचं. गायक लोक करत असतील तशी काहीतरी.

एका दिवशी मी वकिलांना कागद द्यायला तिकडे गेले होते. काकाजींनी एक नाव तीनदा पुकारलं, कुणी उठलं नाही. तीनदा पुकारून माणूस आलं नाही की गैरहजर लिहितात. काकाजी आत वळले, मग थांबले. निंबाखाली एक म्हातारी बसली होती. बस उशिरा आल्यामुळे सकाळच्या विचारपुशीत ती सापडली नव्हती. ती प्रत्येक पुकाऱ्याला मान वर करून ऐकत होती आणि आपलं नाही म्हणून परत खाली बघत होती. काकाजी पायऱ्या उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले, काहीतरी विचारलं. मग आत जाऊन साहेबांना म्हणाले, "साहेब, पुकारा माझा चुकला. बाई हजर आहे."

पुकारा चुकला नव्हता. कागदावरच तिचं नाव वेगळं लिहिलेलं होतं. मी नंतर म्हटलं, "काकाजी, चूक कागदाची होती. तुम्ही काहून स्वतःवर घेतली?"

"कागदाची चूक सांगितली असती तं कागद बदलाव लागला असता. त्याले महिना लागते. माही चूक दोन मिनिटात माफ होते."

त्या एका वाक्यानंतर मी त्यांना चहा पाजायला लागले.

गाडीचं सांगते. पांढरी अँबेसेडर, माझ्यापेक्षा वयानं मोठी. ती त्यांच्या साहेबांची सरकारी गाडी होती. साहेब येत-जात, बदलत, पण गाडी तीच आणि तिचं मागचं दार उघडायला काकाजी तेच. सरकारात नव्या गाड्या आल्या तेव्हा ही भंगारात लिलावाला निघाली आणि काकाजींनी ती घेतली. काकूंना त्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं, "ते आता आपल्याकडे राहणार आहे." काकूंना वाटलं, कोणी नातेवाईक येतो आहे. त्यांनी भाताला तांदूळ जास्त घातला.

बोनेटवरची झेंड्याची दांडी काकाजींनी काढली नाही. पत्र्याचा डॅशबोर्ड एका मऊ फडक्यानं रोज पुसत, त्यावर एक ओरखडा नव्हता. आणि मागच्या सीटवर स्वतः कधी बसले नाहीत. गाडीत येणाऱ्याला मागेच बसवत, दार स्वतः उघडून देत. दार लावण्याचाही नियम होता. "दार आपटाचं नसते, टेकवाचं असते. टक असा आवाज आला पायजे. धाड आला तं उतरा अन् परत टेकवा." एका मोठ्या ठेकेदाराला त्यांनी भर बाजारात तीनदा उतरवून दार टेकवायला लावलेलं मी पाहिलं आहे. तिसऱ्यांदा टक झाल्यावर ठेकेदार स्वतःच खूश झाला.

त्या गाडीत गाणी नव्हती. गोंदिया रोडवर पटलेभाऊंचं गाड्या सजवायचं दुकान आहे. सीट कव्हर, काळ्या काचा, म्युझिक सिस्टिम. पटले चाळिशीचा, हाताला कायम तारेचे तुकडे चिकटलेले. त्या अँबेसेडरवर त्याचा फार जीव. गाडी दुकानावरून गेली की तो हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचा.

"काकाजी, एक बार दे दो ना. ऐसा सिस्टिम लगाऊंगा, पूरा बालाघाट देखेगा."

"माही गाडी काय वरातीची आहे?"

"रेडिओ तरी लावू. साधा."

"गाडीत माणूस बसते. त्याच्यासंगं बोलावं. ज्याले बोलणं सुचत नाही त्यानं रेडिओ लावावा. अन् तू पहिले डॅशला भोक पाडशील, मले माहीत आहे."

पटलेला डॅशला भोक पाडल्याशिवाय सिस्टिम बसवता येते हे तेव्हा मान्य नव्हतं. त्यामुळे बोलणं दर वेळी तिथंच थांबायचं. आणि खरंच काकाजींच्या गाडीत गाण्याची गरज पडत नसे. रस्त्यावरची झाडं कुणी लावली, कुठल्या वळणावर कुणाचं लग्न मोडलं, सगळं ते सांगत. गाव आलं की तोंडात बसलेल्या त्याच सुरात पुकारत, "किरनापुर. उतरणारे हाजिर हो." गाडीत मी एकटी असले आणि मला लांजीला जायचं असलं तरी.

मग त्यांचा आवाज बसला.

थंडीचे दिवस होते, वाटलं सर्दी. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. संक्रांत गेली तरी आवाज उघडेना. गोंदियाच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. नागपूरहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शटर वर करत होते तर काकाजी दुकानासमोर उभे. अगदी जवळ गेल्यावर त्यांचं बोलणं ऐकू आलं, इतका आवाज खरखरीत आणि खोल गेलेला.

"बाई, तुह्या कंप्युटरात आवाज भरता येते काय?"

"येते ना. काय भराचं?"

"सगळंच. बारा दिवस आहेत."

आत बसून त्यांनी सांगितलं. आवाजाच्या पेटीवर गाठ आहे. बारा दिवसांनी ऑपरेशन, पेटीच काढावी लागणार. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. बोलणं राहणार नाही. बसचं टाइमटेबल सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाले, "रडू नको. तुह्या रडण्यात माहा टाइम जाते."

त्यांनी खिशातून एक कागद काढला. जुन्या यादीच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेला. मला वाटलं, आता मुलीसाठी काही निरोप असेल, नातवंडांना आशीर्वाद असेल. पहिल्या नंबरवर होतं, 'ओ सायकलवाले भाऊ, मागून येऊन राह्यलो. घाई नाही, पण जरा बाजूले व्हा.' दुसऱ्यावर, 'मायबाई, तुम्ही रस्ता ओलांडून घ्या, मी थांबलो आहे.' तिसऱ्यावर, 'दार टेकवा, आपटू नका.' चौथ्यापासून गावांची नावं. चौदाव्यावर, 'माफ करा, चूक माझी होती.' पंधराव्यावर, 'चूक तुमची होती, पण असू द्या.'

"काकाजी, हे सगळं गाडीतलं आहे."

"मंग? घरी पाटीवर लिहून दाखवता येते. दुकानात बोट दाखवलं तरी सामान भेटते. पण गाडी चालवताना हात मोकळे नसतात. अन् समोरच्याची माह्याकडे पाठ असते. पाठीले पाटी कशी दाखवू?"

"हॉर्न वाजवा."

त्यांनी कागद माझ्या काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "आतापर्यंत नाही ओरडलो कोणावर. आता मुका झालो म्हणून ओरडू?"

गाडी विकायची नाही आणि हॉर्न वाजवायचा नाही, या दोन गोष्टी पक्क्या होत्या. त्यामुळे तिसरी गोष्ट करणं भाग होतं. त्याच दिवशी ते पटलेच्या दुकानात गेले आणि म्हणाले, सिस्टिम लावायची आहे.

पटले हसला. मग काकाजींचा आवाज नीट त्याच्या कानावर गेला, आणि मग बाकीचं त्यांनी सांगितलं. हे पटलेनंच मला पुढे कधीतरी सांगितलं. कितीतरी वर्षं ज्या गाडीवर डोळा ठेवला होता ती दुकानासमोर उभी होती, मालक स्वतः चावी देत होता, आणि त्याला चावी हातात घ्यावीशी वाटेना. शेवटी त्यानं फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "कितने दिन हैं?"

आमचं आवाज भरणं पहाटे चालायचं, सहा वाजता. रात्रभर शांत राहिलेला गळा सकाळी थोडा मोकळा असायचा. काकू थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन सोबत यायच्या. काकाजी दोन घोट घेत, डोळे मिटत, मग माझ्या छोट्या माइकपुढे एक वाक्य बोलत. तीन-चार वाक्यांत दम लागायचा. मी म्हटलं, "काकाजी, आवाज फाटका येऊन राह्यला. मी कंप्युटरवर थोडा साफ करून देऊ?"

"नको. लोकाइले वाटन, गाडीत दुसराच कोणी बसला आहे. फाटका असू दे, माहा आहे."

पाचव्या-सहाव्या सकाळी यादी संपत आली तेव्हा मी विचारलं, "काकूंचं नाव नाही भरलं?" काकाजींनी थर्मासकडे बघितलं. आयुष्यभर लोकांची नावं पुकारलेला माणूस, पण काकूंना नावानं हाक मारताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि माइककडे वाकले. तेवढ्यात काकू बोलल्या.

"माहं नाव नका घेऊ त्याच्यात."

"काहून?"

"इतक्या वर्षात नाव नाही घेतलं. आता मशीनमधून घेता काय? तुम्ही खाकरता, मी येते. तेच आहे माहं नाव."

मग काकाजी मला म्हणाले, "तेच भर."

मी ते भरलं. यादीत त्याला नंबर बेचाळीस मिळाला. नुसतं खाकरणं, दोन सेकंदांचं. दारातून आत आलेला माणूस चप्पल काढताना खाकरतो ना, तसं. काकूंनी ते परत लावायला सांगितलं, ऐकलं, आणि "हौ, बरोबर आहे" म्हणून थर्मासचं झाकण लावलं.

इकडे पटलेचं काम अडलं होतं. भोक न पाडण्याचा मार्ग त्यानं काढला होता. सिस्टिम त्यानं डाव्या बाजूच्या कप्प्यात आत बसवली, झाकण लावलं की बाहेरून काही दिसत नव्हतं. एक स्पीकर मागच्या काचेखाली आणि एक पुढच्या जाळीमागे, रस्त्याकडे तोंड करून. सिस्टिमच्या रिमोटवर नंबर दाबला की त्या नंबरचं वाक्य वाजणार. रिमोट त्यानं रबरी पट्टीनं स्टिअरिंगच्या मधोमध बांधला. इतकं सगळं जमलं, गाडी सुरू केली, नंबर एक दाबला, आणि काकाजींच्या आवाजामागे एक बारीक कुंऽऽ असा सूर लागला. ॲक्सिलरेटर दाबला की तो सूर चढायचा, सोडला की उतरायचा.

काकाजींनी ऐकलं आणि विचारलं, "हे माह्या मागं कोण रडून राह्यलं?"

"डायनमो है, काकाजी. इंजिनचा करंट आवाजात येऊन राह्यला."

"त्याले म्हणा, मी अजून आहे."

पटलेनं सिस्टिम बदलून पाहिली, तारा बदलल्या, बॅटरीपासून वेगळी तार ओढली. रडणं कमी झालं, थांबलं नाही. नागपूरला निघायला दोन दिवस उरले होते. काकाजींचा हट्ट होता की सगळं त्यांच्यासमोर, आत्ताच झालं पाहिजे. नंतर आवाजात काही कमी-जास्त निघालं तर परत बोलायला ते असणार नव्हते. शेवटी पटले म्हणाला, परतीची तार ज्या जागी गाडीच्या अंगाला जोडली आहे तिथला रंग आड येतो आहे. रंग खरवडून उघड्या पत्र्याला तार लावावी लागेल. त्यानं बोटानं जागा दाखवली, एका रुपयाच्या नाण्याएवढी. ज्या माणसानं वर्षानुवर्षं या गाडीला ओरखडा पडू दिला नव्हता, त्याला हे विचारताना पटलेची मान खाली होती.

काकाजींनी त्याच्या हातातून पॉलिशपेपर घेतला आणि स्वतःच रंग घासला. गोल, स्वच्छ, कडा नीट. पटलेनं तार आवळली. गाडी सुरू केली. रडणं थांबलं.

मग काकाजींनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते गाडीतून उतरले, रस्त्यानं तीसेक पावलं पुढे चालत गेले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. सायकलवाल्याच्या जागी. पटलेला त्यांनी हात वर करून खूण केली. पटलेनं नंबर एक दाबला. जाळीमागून त्यांचाच आवाज निघाला आणि त्यांच्या पाठीवर जाऊन पोचला, "ओ सायकलवाले भाऊ, मागून येऊन राह्यलो." काकाजी हलले नाहीत. परत आले आणि म्हणाले, "हा मी नाही. हा घाई करून राह्यला."

खरं होतं. दुकानात बरं वाटलेलं ते वाक्य रस्त्यावर पातळ आणि घाईचं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी, निघायच्या आदल्या सकाळी, ते एकच वाक्य आम्ही परत भरलं. आता त्यांना एका श्वासात ते पूर्ण होत नव्हतं. पहिल्यांदा 'घाई नाही'पाशी श्वास संपला. दुसऱ्यांदा खोकला आला. काकूंनी पाणी दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेही बघितलं नाही, रस्त्याकडे बघितलं आणि बोलले. मी लगेच ते जपून ठेवलं आणि मान हलवली.

पटले गाडी घेऊन आला होता. परत तीस पावलं, परत पाठ. आवाज आला. काकाजी एक पाऊल बाजूला सरकले, आपोआप, जसं कुणीही सरकलं असतं. मग वळून म्हणाले, "हौ. मी बाजूले झालो."

त्यानंतर दुकानात ते काही बोलले नाहीत. गळ्यात जे काही उरलं होतं ते त्यांनी घरासाठी ठेवलं असावं. मी विचारलं नाही, आणि काकूंनी कधी सांगितलं नाही.

नागपूरहून ते तीन आठवड्यांनी परतले. बारीक झालेले, गळ्यावर पांढरं फडकं, बगलेत शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. आणखी महिनाभरानं त्यांनी गाडी बाहेर काढली. मागे मी आणि काकू. मी दार टेकवलं, पण जरा जोरात टेकवलं गेलं असावं. मागच्या स्पीकरमधून शांतपणे आवाज आला, "दार टेकवा, आपटू नका." मी उतरले आणि परत टेकवलं.

किरनापुरच्या रस्त्याला बकऱ्यांचा कळप आडवा आला. काकाजींना एक दाबायचा होता, पण अंगठा चुकून चारवरही पडला आणि चौदा लागला. गाडीच्या जाळीतून आवाज निघाला, "माफ करा, चूक माझी होती." बकऱ्यांमागचा माणूस थबकला. त्यानं गाडीकडे, मग काकाजींच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काही हरकत नाही, काकाजी." आणि बकऱ्या बाजूला घेतल्या. काकाजींचे खांदे हलत होते. हसताना आता आवाज येत नव्हता, पण काकूंनी ते पाठीवरून ओळखलं आणि त्याही हसायला लागल्या.

बेचाळीस नंबरही वाजायचा. काकू बाजारात भाजी निवडत बसल्या आणि उशीर झाला की रस्त्यावरच्या गाडीतून खाकरल्याचा आवाज यायचा. काकू पिशवी उचलायच्या.

एक दूधवाला होता. आवाज ऐकायला मिळावा म्हणून मुद्दाम रस्त्याच्या मधून सायकल चालवायचा. दोन दिवस काकाजींनी त्याला नंबर एक ऐकवला. तिसऱ्या दिवशी पंधरा दाबला, "चूक तुमची होती, पण असू द्या." तो तेव्हापासून कडेनं जातो आणि हात करतो.

सगळं असंच हसण्यावारी गेलं असं मी म्हणणार नाही. एकदा ते नात्यातल्या लग्नाहून सरळ माझ्या दुकानात आले आणि खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं पाटीवर लिहिलं, 'वाचेपर्यंत लोक थांबत नाहीत.' मी वाचलं. त्यांनी पुसलं नाही, पाटी तशीच मांडीवर ठेवून बसले. त्या दिवशी घरी जाताना ते सरळ रस्त्यानं गेले नाहीत. बाजारातून, बसस्टँडवरून, गोंदिया रोडवरून मोठा वळसा घालून गेले. प्रत्येक सायकलीला, प्रत्येक हातठेल्याला त्यांनी सांगितलं की मी मागून येऊन राह्यलो, आणि प्रत्येकजण बाजूला झाला, कुणी हात केला, कुणी 'या काकाजी' म्हणालं. पटलेनं तो वळसा पाहिला होता. संध्याकाळी मला येऊन म्हणाला, "आज काकाजी बहुत बोले."

तपासणीला ते दर काही महिन्यांनी नागपूरला जातात. गेल्या वेळी तिथून येताना त्यांच्या गाडीत एक बाई आणि तिचा नवरा होते. बाई किरनापुरकडची, पन्नाशीची, आठवडी बाजारांत बांगड्या विकणारी. दवाखान्यातल्या बाकावर नंबरची वाट बघताना त्यांची ओळख झाली होती. तिच्या गळ्याला मफलर होता आणि ती उगाच त्याच्याशी चाळा करत होती. काकाजींनी मला पाटी दाखवली. 'हिचं सोमवारी ऑपरेशन आहे. आवाज भरून घे. पटले लहान स्पीकर देते म्हणाला, पिशवीत ठेवाले.'

मी माइक पुसून तिच्यापुढे ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आवाज बसलेला होता, पण अजून होता.

"मले काय बोलता येते, मॅडम? मी काय शिकलेली आहे? काय बोलू?"

मी काकाजींकडे बघितलं. त्यांनी बाहीनं पाटी पुसली, थोडा विचार केला आणि लिहिलं, 'घरी रोज जे बोलते ते.' मी तिला वाचून दाखवलं. मग काकाजी उठले, तिच्या नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. झेरॉक्सला आलेल्या माणसांना ते पाटी दाखवत होते, 'अर्धा तास थांबा.' शटरखालून मला लोकांचे पाय दिसत होते. पाय थांबले.

बाईनं मफलर सैल केला. पदर डोक्यावरून नीट घेतला, जणू माइकमध्ये कुणी मोठं माणूस बसलं आहे. मग हळूच म्हणाली, "भात वाढला. या जेवाले."

मी ते जपून ठेवलं आणि दुसरी फाइल उघडली.